गॅस डिटेक्टरने केलं झोपेचं खोबरं: मोटरहोममधले सात दिवस

पहिला दिवस

आधीच सांगून ठेवतो, कुठे गेलो काय काय बघितलं असलं वाचायला आला असाल तर फार काही हाती लागणार नाही. तळं होतं, घाट होता, जंगल होतं, सगळं मस्त होतं, पण त्यातलं निम्मं आम्ही डोळे चोळत बघितलं कारण रात्रीची झोप नावालाच होती. हे वर्णन म्हणजे एका पांढऱ्या चौकोनी डब्याचं, म्हणजे गॅस डिटेक्टरचं वर्णन आहे, जो आमच्या मोटरहोममध्ये बाकड्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर स्क्रूने मारलेला होता.

माणसं पाच. मी, बायको, दहा वर्षांची लेक, आणि दादा-वहिनी. शिवाय शेरू, म्हणजे कुत्रा. मोटरहोम दादाची, चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. बाहेरच्या कप्प्यात प्रोपेनचे दोन सिलेंडर, आत दोन बर्नरची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज आणि पाणी तापवायचा गीझर. बाकड्याच्या पोटात आतल्या दिव्या-पंपासाठीची १२ व्होल्टची बॅटरी, साधी पाण्याची, लेड अ‍ॅसिडवाली. हे बाकडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी तळ्याकाठी पोचलो, जेवलो, गप्पा मारल्या, डास फार होते म्हणून खिडक्या गच्च लावल्या आणि साडेअकराला आडवे झालो. अर्धा तास झाला नसेल तोच असा काही कर्कश आवाज सुरू झाला की मी उठताना वरच्या कपाटावर डोकं आपटलं. असले अलार्म साधारण ८५ डेसिबलचे असतात म्हणे, बंद गाडीत मध्यरात्री ते ८५०० वाटतात. डब्यावर लाल दिवा. वहिनींचा हात सवयीने लाईटच्या बटणाकडे गेला आणि दादा एवढ्या जोरात ओरडला की त्या अलार्मपेक्षा त्यालाच जास्त दचकल्या. पण ओरडला ते बरोबर, गॅस असेल तर बटणाची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते. लाईट नाही, पंखा नाही, काडी तर नाहीच नाही. दार उघडलं, लेकीला उचललं, शेरूला ढकललं आणि सगळे बाहेर. दादाने बाहेरूनच कप्पा उघडून दोन्ही सिलेंडरचे नॉब फिरवून बंद केले.

मग अंधारात, थंडीत, पांघरुणं गुंडाळून पाच माणसं आणि एक कुत्रा आपल्याच गाडीकडे बघत उभे. अर्ध्या तासाने मी दारात वाकून खाली जमिनीजवळ वास घेतला. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो खाली साचतो, म्हणून उभं राहून वास घेण्यात काही अर्थ नसतो. त्याला स्वतःचा वास नसतो, मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन घालतात. मला काहीच वास आला नाही. आवाजही थांबलेला, दिवा हिरवा.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हा शेरू त्या डब्याच्या तोंडाशीच झोपला होता हो." आणि सगळ्यांनी एकमुखाने शेरूला दोषी ठरवलं. त्याने मागच्या पायाने कान खाजवला, म्हणजे गुन्हा कबूलच. सिलेंडर बंद ठेवून झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी उठल्यावर लेकीने वहीत लिहिलं, "अलार्म १. वेळ ११:५५. काय चालू होतं: काही नाही. कोण कुठे: शेरू डब्याजवळ. वास: शेरूचा." आम्ही हसलो, पण खरं सांगतो, पुढच्या सहा दिवसांत त्या वहीने जेवढी मदत केली तेवढी दादाच्या मल्टिमीटरनेही केली नाही. वेळ, काय चालू होतं, खिडक्या उघड्या की बंद, गाडी चार्जिंगला लावलेली की नाही, एवढं लिहून ठेवलं तर चार नोंदींनंतर कारण आपोआप वर यायला लागतं.

पहिलं काम म्हणजे खरंच गळती आहे का ते बघणं. अलार्म खोटा आहे असं म्हणायचा हक्क ते बघितल्यावरच मिळतो, आधी नाही. दादाने रेग्युलेटरच्या जवळ प्रेशरचं मीटर लावलं, सिलेंडर उघडून लाईन भरली, परत बंद केला, शेगडी फ्रिज गीझर सगळं बंद, आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही. तरी प्रत्येक जोडावर, प्रत्येक नटावर भांड्याच्या साबणाचं फेसाळ पाणी ब्रशने लावलं, बुडबुडे येतात का बघितले. एकही नाही. (काही लोक हे काडी पेटवून बघतात. त्यांना मी काय बोलणार.)

या शोधाशोधीत एक वेगळीच भानगड सापडली. मोटरहोमच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, जाळी लावलेली, म्हणजे गॅस गळलाच तर जड असल्यामुळे खालून बाहेर पडावा. आमच्या आधीच्या मालकाने त्यातली दोन भोकं फडकं कोंबून बंद केली होती, बहुधा पायाला गार लागतं म्हणून. दादा फडकं हातात धरून मिनिटभर नुसता बघत बसला. चार महिने आपण या गाडीत झोपतोय म्हणाला.

दुपारी मात्र पहिल्या रात्रीचा उलगडा झाला तो अगदी अचानक. वहिनींनी निघायच्या आधी गाडीत डासांचा स्प्रे मारला, खाली, बाकड्याच्या कडेला, कारण डास तिथेच दडतात, आणि दोन मिनिटांत परत तोच बोंबलणारा आवाज. लेक ओरडली, "काकू, काल झोपताना पण तुम्ही मारला होता!" मारलाच होता. आता यातली गंमत बघा, अशा स्प्रेच्या कॅनमध्ये औषध बाहेर फेकायला जो दाब लागतो तो बऱ्याचदा ब्युटेन आणि प्रोपेननेच दिलेला असतो, म्हणजे एलपीजीच. मग डिटेक्टर खोटं काय बोलला? आपण स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात गॅस मारला आणि वर त्यालाच खोटारडा म्हटलं.

हा डबा आत कसा चालतो ते कळलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. आत टिन डायऑक्साइडचा एक छोटासा थर असतो, तो सतत काही शे डिग्रीला तापवून ठेवलेला असतो. ज्वलनशील वाफ त्याच्यावर आली की त्याचा रेझिस्टन्स पडतो आणि सर्किट म्हणतं, गॅस. ही पद्धत १९६० च्या दशकात जपानमध्ये तागुची नावाच्या संशोधकाने शोधली आणि अजूनही स्वस्त डिटेक्टर त्याच तत्त्वावर चालतात. अडचण एवढीच की त्या थराला नावं कळत नाहीत. प्रोपेन, स्पिरिट, थिनर, नेलपॉलिशचं अ‍ॅसिटोन, हेअरस्प्रे, सॅनिटायझर, नव्या फोमच्या गाद्यांचा आणि गोंदाचा वास, त्याला सगळं सारखंच. आणि तो फार लवकर ओरडतो कारण त्याने लवकरच ओरडायचं असतं. प्रोपेन हवेत साधारण २.१ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि डिटेक्टर त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आतच बोंब मारतो. म्हणजे वास येतोय की नाही असं वाटायच्या सुमारालाच.

शेरूची माफी मागितली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. स्प्रे बाहेरच्या कप्प्यात गेला, लेकीची नेलपॉलिशची बाटली पण. सगळ्यांना वाटलं संपलं.

तिसरा दिवस

संपलं कसलं. पहाटे चार वाजता आवाज. पण हा वेगळा, सलग नाही, दर अर्ध्या मिनिटाला एक टुक्. झोपेत असं वाटतं की कुणीतरी डोक्यात खिळा ठोकतंय आणि पुढचा कधी ठोकेल याची आपण वाट बघतोय.

दादा वैतागून उठला आणि म्हणाला, "फ्यूजच काढतो त्याचा." त्याचा हात फ्यूजच्या खोक्यावर गेला पण होता. वहिनी आडव्याच होत्या, डोळे मिटलेले, पण म्हणाल्या, "हात लावलात तर उद्यापासून गाडी तुम्ही एकट्यानेच न्यायची." दादाने हात काढला. हे मी मुद्दाम लिहितोय कारण नंतर जे झालं ते बघता त्या वाक्याने आम्हाला वाचवलं असं मला अजूनही वाटतं. रोज ओरडणारा डबा म्हणजे लांडगा आला रे आला, कोणालाही तो बंद करावासा वाटतो, चिकटपट्टी लावणारे, फ्यूज काढणारे, वायर कापणारे पण असतात, आणि लांडगा येतो तो त्याच रात्री.

आवाजाचा प्रकार वेगळा आहे म्हणजे अर्थही वेगळा असणार एवढं साधं आम्हाला सुचायला सकाळ व्हावी लागली. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, सलग आवाज म्हणजे गॅस, थांबून थांबून टुक् म्हणजे व्होल्टेज कमी किंवा सेन्सर खराब. आतला थर सतत तापवायला करंट लागतो ना, व्होल्टेज पडलं की तो नीट तापत नाही आणि मग बिचारा डबा मला दिसत नाहीये म्हणून कुरकुरतो. दादाने मीटर लावलं. १०.८ व्होल्ट.

भरलेली बॅटरी शांत असताना साधारण १२.७ दाखवते. १२ च्या खाली गेली तर बहुतेक रिकामी समजायची. आणि आम्ही रात्री वापरलं काय होतं, दोन एलईडी दिवे आणि पाण्याचा पंप चार वेळा. दादा म्हणाला काल गाडी चालताना इंजिनकडून नीट चार्ज झाली नसेल, आज कॅम्पसाइटवर लाईटचं कनेक्शन घेऊ, रात्रभर चार्जरला लावली की भरेल. मलाही पटलं. इथे आम्ही दोघेही चुकलो आणि ते पण छातीठोकपणे.

दिवस छान गेला. घाटात धुकं होतं, लेकीने शेरूला पावसाची टोपी घातली, बायकोने त्याचे चाळीस फोटो काढले. संध्याकाळी कॅम्पसाइटच्या खांबाला वायर जोडली, चार्जरचा दिवा लागला, सिलेंडर बंद केले, आज निवांत झोपायचं.

चौथा दिवस (खरं तर तिसऱ्याचीच रात्र)

१ वाजून ४० मिनिटं. ही वेळ वहीत लाल पेनने लिहिलेली आहे.

या वेळी दोन अलार्म एकदम. खालचा गॅसचा सलग, आणि वर पलंगाच्या डोक्याशी लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा पण. हा दुसरा डिटेक्टर वेगळा असतो बरं का, त्याला छोटा स्क्रीन आहे आणि त्यावर आकडा येतो, पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या विषारी वायूचे किती भाग. मी बघितलं तर १०० च्या पुढे. आणि वास. सडक्या अंड्याचा, घशात जाऊन बसणारा. बायको म्हणाली गॅस, वहिनी म्हणाल्या गॅस, मला पण क्षणभर गॅसच वाटला.

सगळे बाहेर, दार उघडं, खिडक्या बाहेरून जमतील तेवढ्या उघडल्या. आता सवय झाली होती, दोन मिनिटांत झालं. आणि मग थंडीत उभं राहून डोकं चालायला लागलं. सिलेंडर संध्याकाळपासून बंद होते, ते मीच केले होते. शेगडी, गीझर, फ्रिज, काहीही पेटलेलं नव्हतं, इंजिन तर आठ तास गार. मग कार्बन मोनॉक्साइड आला कुठून? काहीतरी जळल्याशिवाय तो होत नाही. जळत काहीच नाही. शेजारची जागा पण रिकामी, म्हणजे कुणाच्या जनरेटरचा धूर पण नाही.

दादा एवढंच म्हणाला, "मघाशी उतरताना मी बाकड्यावर हात टेकवला. गरम होतं."

तो धावत खांबाकडे गेला आणि तिथूनच वायर काढली. गाडीत जाऊन चार्जरचं बटण बंद केलं नाही, आणि तेच बरोबर होतं, कारण त्या बाकड्याच्या पोटात तेव्हा काय भरलेलं होतं ते आम्हाला सकाळी कळलं.

ड्रायव्हरच्या केबिनची दोन्ही दारं पण उघडी टाकली आणि उरलेली रात्र कॅम्पसाइटच्या कॉमन हॉलमध्ये बाकांवर काढली. लेक झोपली. आम्ही चौघं नाही.

उजाडल्यावर, सगळं तीन-चार तास उघडं राहिल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून दादाने बाकड्याची फळी उचलली. बॅटरी फुगलेली, दोन्ही बाजूंनी पोट आल्यासारखी. वरून ओली. आणि तिच्यातून निघणारा गॅस जी बारीक प्लास्टिकची नळी गाडीच्या तळातून बाहेर सोडते ती नळी निसटून बाजूला पडलेली. म्हणजे बॅटरी जे काही सोडत होती ते सगळं बाकड्याच्या आत, आणि बाकड्याच्या फटीतून सरळ त्या पांढऱ्या डब्याच्या नाकात.

प्रकार असा झाला होता. १२ व्होल्टच्या लेड अ‍ॅसिड बॅटरीत सहा घरं, म्हणजे सेल असतात, प्रत्येकी साधारण दोन व्होल्टच्या वर. त्यातलं एक घर मेलं, म्हणून तर पहाटे १०.८ दिसत होतं, पाच घरांचा हिशोब साधारण तेवढाच येतो. चार्जरला बिचाऱ्याला हे माहीत नाही. तो १४.४ पर्यंत न्यायला बघतो, जे सहा जणांत वाटलं तर प्रत्येकाला २.४ येतं आणि ठीक आहे, पण पाच जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला २.८८. मग ती पाच घरं अक्षरशः उकळतात. पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो, फारच तापली की हायड्रोजन सल्फाइड पण सुटतो, तोच सडक्या अंड्याचा वास. बॅटरी भरली असं चार्जरला कधी वाटतच नाही, म्हणून तो रात्रभर थांबत नाही.

आणि मोनॉक्साइडचं कोडं. त्या डिटेक्टरमधला सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असतो आणि तो हायड्रोजनला पण फसतो, हायड्रोजन आला की मोनॉक्साइड समजून आकडा दाखवतो. आमच्या डिटेक्टरवर ईएन ५०२९१-२ असा युरोपियन मानकाचा नंबर छापलाय, म्हणजे गाडी-बोटीसाठीचा. त्या नियमाप्रमाणे ५० पीपीएम असेल तर ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत तो वाजला पाहिजे. म्हणजे तो वाजला तेव्हा बराच वेळ काहीतरी चालू होतं. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, एवढी मोठी रेंज आहे त्याची. बंद लाकडी बाकडं, आत हायड्रोजन, शेजारी चार्जर. आणि हायड्रोजन सल्फाइड स्वतःच विषारी, शिवाय तो नाक मारून टाकतो, थोड्या वेळाने वासच येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गेला वास.

मग तुम्हीच सांगा याला खोटा अलार्म म्हणायचं का. एलपीजी नव्हता, मोनॉक्साइड नव्हता, दोन्ही डबे तांत्रिकदृष्ट्या चुकीचं बोलले आणि दोघांनी मिळून आम्हाला उठवलं. दादाने त्या दिवशी फ्यूजबद्दल एक शब्द काढला नाही. वहिनींनी पण काढला नाही, जे मला जास्त कौतुकाचं वाटलं.

दिवसभर बॅटरीच्या मागे. आधी निगेटिव्ह सोडायची, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं. फुगलेली बॅटरी उचलताना ती आडवी करायची नाही. जवळच्या गावात तेवढ्याच मापाची एजीएम बॅटरी मिळाली, म्हणजे आत सुटं पाणी नसलेली, सीलबंद, चार्जरची सेटिंग त्याप्रमाणे बदलली, आणि एजीएम असली तरी निसटलेली ती नळी दादाने परत जागेवर बसवलीच.

पाचवा दिवस

रात्र शांत. आठ तास झोप. सकाळी सगळे एकमेकांशी इतके गोड बोलत होते की शेरूला संशय आला.

दुपारी जंगलाच्या कडेला गाडी उन्हात लावली, चालून आलो, आणि दार उघडायच्या आधीच बाहेरून ऐकू आलं. खालचा डबा. बायको नुसती पायरीवर बसली, "मी आता आत येत नाही" म्हणाली.

परत तीच सगळी पूजा. सिलेंडर बंदच होते. साबणाचं पाणी, काही नाही. प्रेशर मीटर, काटा स्थिर. बॅटरी गार, १२.८. मोनॉक्साइडवाला शून्य. स्प्रे नाही, स्पिरिट नाही, कोणी काही सांडलं नाही. वहीत आम्ही सगळ्या रकान्यांत नाही नाही लिहिलं आणि लेकीने शेवटी विचारलं, "काका, डबाच आजारी नसेल ना?"

दादाने स्क्रू काढून डबा भिंतीवरून सोडवला. मागे स्टिकर, त्यावर तारीख, २०१२. गाडी घेताना इंजिन बघितलं, टायर बघितले, छत बघितलं, सिलेंडरच्या पाइपची तारीखसुद्धा बघितली, हे कोणी उलटून बघितलं नाही. या सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरतात, आणि ते मोजायचं तयार झाल्याच्या तारखेपासून, आपण विकत घेतल्याच्या नाही. एवढी वर्षं रात्रंदिवस तापत राहिलेला थर, त्याच्यावर धूळ, शेगडीचा तेलकट थर, दमट हवा, कोणाकोणाचे स्प्रे. त्याचं मोजमाप सरकत जातं, एकतर तो उगाच ओरडायला लागतो नाहीतर गप्प होतो. ओरडणारा बरा म्हणायचा.

पण म्हातारा आहे म्हणून त्याचंच चुकलं असं गृहीत धरायला आता कोणी तयार नव्हतं, मी तर नाहीच. म्हणून एक साधी परीक्षा घेतली. लांब वायर जोडून डबा गाडीच्या बाहेर नेला, मोकळ्या हवेत, वारा वाहतोय अशा ठिकाणी फांदीला टांगला, शेगडी आणि सिलेंडरपासून लांब. तापायला त्याला काही मिनिटं दिली. वीस मिनिटं थांबलो. उघड्या रानात, आजूबाजूला झाडांशिवाय काही नाही, आणि लाल दिवा. बाहेर नेल्यावर हिरवा झाला असता तर मी परत गाडीत शोधायला लागलो असतो. नाही झाला. तेव्हाच मानलं की हा गेला.

ती रात्र सिलेंडर बंद, स्वयंपाक बाहेर छोट्या शेगडीवर, फ्रिज बॅटरीवरही नाही, दूध संपवून टाकलं. डिटेक्टरशिवाय गॅस चालू ठेवायचा नाही हे वहिनींनी न सांगताच सगळ्यांनी मान्य केलं.

सहावा दिवस

नवा डिटेक्टर. गाड्यांसाठीचाच घ्यायचा, १२ व्होल्टचा, हलणं-दचकणं सोसणारा, घरगुती उचलून आणायचा नाही. दुकानातच मागचं स्टिकर बघितलं, पहिला दाखवला तो चार वर्षं दुकानात पडलेला होता, परत केला. दुसरा याच वर्षीचा. जागा तीच ठेवली, खाली, पण बॅटरीच्या बाकड्यावरून काढून समोरच्या बाजूला, शेगडीच्या अगदी तोंडाशी नाही आणि दाराच्या झोतात पण नाही. दाराच्या वाऱ्यात लावला तर गॅस असून कळायचा नाही.

लावला, दिवा लुकलुकला, तापला, हिरवा. टाळ्या. दहा मिनिटांनी लाल.

मी दादाकडे बघितलं. दादा हातातली ट्यूब खिशात घालत होता.

"काय लावलंस?"

"काही नाही रे, वायरीचं भोक जरा मोठं पडलं होतं, सिलिकॉन भरला थोडा."

थोडा म्हणजे डब्याच्या चारही कडांना बोटभर जाड. तो सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा, त्यानेच लाल दिवा लागला असणार. पण खरी भीती ती नाही. सिलिकॉनच्या वाफा या सेन्सरला विष आहेत. थरावर जाऊन बसतात आणि तो हळूहळू आंधळा होतो, मग हिरवा दिवा लावून तो शांत बसणार आणि खाली गॅस साचत राहणार. उगाच वाजणाऱ्या डब्याने झोप जाते, याने काय जाईल ते सांगायला नको. सीलंट, पॉलिश, चकाकी आणणारे स्प्रे, सगळ्यात सिलिकॉन असू शकतो. माहितीपत्रकात हे ठळक लिहिलं होतं, दादाने माहितीपत्रक शेरूच्या वाटीखाली घातलं होतं.

सगळं खरवडून काढलं, डबा सोडवून लांब मोकळ्या हवेत नेऊन ठेवला, गाडी दुपारभर उघडी. भोक साध्या रबरी बुचाने बंद केलं. संध्याकाळी परत लावला, हिरवा, आणि हिरवाच राहिला. तरी मला खात्री नव्हती, कारण टेस्टचं बटण दाबलं की वाजतो खरा पण ते फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, नाक नाही. दुकानातून टेस्ट गॅसचा छोटा कॅन आणला होता, पत्रकात सांगितल्याप्रमाणे एक फवारा दिला, लगेच वाजला, हवा लागल्यावर गप्प झाला. लायटरचा गॅस सोडून बघणारे बरेच असतात, आमच्या पत्रकात तसं करू नका असं लिहिलं होतं, एवढ्या जवळून एवढा गॅस मारला की सेन्सर खराब होऊ शकतो. बायकोने मार्करने डब्यावर तारीख लिहिली, आणि त्याच्याखाली बदलायचं वर्ष.

वहीतली नोंद: "अलार्म ७. कारण: काका."

सातवा दिवस

शेवटचा मुक्काम, डोंगराच्या पायथ्याशी. रात्री पाऊस सुरू झाला, चांगलाच. दिवा हिरवा, आकडा शून्य, बॅटरी १२.७, सगळे पांघरुणात. बायको म्हणाली इतकी शांतता आहे की झोप येत नाहीये, वाजेल आता वाजेल असं वाटतंय.

बाराच्या सुमाराला टप् असा आवाज झाला. सगळे उठून बसले, शेरू पण. परत टप्. मोबाईलच्या उजेडात बघितलं तर डब्याचा काही संबंध नाही, छताच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं, थेंब थेंब, बरोबर दादाच्या उशीवर.

दादा उठला, खिशात हात घातला आणि ट्यूब काढली.

आम्ही तिघं आणि लेक एकदम ओरडलो. मग वहिनींनी खाली पातेलं ठेवलं, दादा उशी घेऊन केबिनमध्ये झोपायला गेला, आणि पातेल्यात थेंब वाजत राहिले ते सकाळपर्यंत.